खिसा नसलेला सदरा

२ जुलै

मावशी,

आधी कबूल कर, हे पाकीट हातात आल्यावर तू चष्मा शोधत घरभर फिरलीस आणि तो डोक्यावरच निघाला.

बातमी मोठी आहे. आपल्या हक्क समितीला ऑगस्टात पंचवीस वर्षं पुरी होतायत. अठरा तारखेला कार्यक्रम ठरलाय. सभागृह घेतलंय, परदेशचे पाहुणे येतायत, आणि हे सगळं लोढणं गळ्यात कुणाच्या? तुझ्या भाचीच्या. मी गेले पंधरा दिवस सावकाश बसून जेवलेले नाही. तू ठेवलेलं भिंगरी हे नाव सार्थ करतेय.

अध्यक्ष म्हणाले, "समितीने काय केलं ते भाषणात येईलच. पण समितीला ज्यांनी उचलून धरलं, त्यांचा सत्कार झाला पाहिजे." म्हणून पुढच्या दोन ओळी तुमच्यासाठी. चपला शिवणारे काका, दाढीवाले डॉक्टर, गॅरेजवाला जाडू, आणि अगदी मधल्या खुर्चीवर तू. नाही म्हणायचं नाही. गाडीतून आणायला मी येईन, गुडघ्यांची सबब चालणार नाही.

दोन कामं आहेत. सभागृहाबाहेर छोटं प्रदर्शन मांडतोय. त्यात तुझा 'कोर्टाचा सदरा' हवाच. एखादा पाठव. आणि ही सदऱ्यांची रीत कशी पडली ते चार ओळीत लिही. इथल्या नव्या मुलांना वाटतं, समिती म्हणजे संगणकावर निवेदनं पाठवणारं ऑफिस.

तुझी,
भिंगरी

७ जुलै

भिंगरे,

चष्मा डोक्यावर नव्हता. साखरेच्या डब्यामागे होता. इतकीही म्हातारी झालेली नाही मी.

पंचवीस वर्षं! वाचून मला हसूच आलं. सुरुवातीला आपल्याकडे एक टेबल होतं आणि त्याचा एक पाय विटेवर होता. पहिला वाढदिवस आपण तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या केला, कारण आपला माणूस आत होता आणि त्याला सोडून दुसरीकडे कुठे जाणार? डॉक्टरांनी थर्मासमधून चहा आणला होता. पहारेकऱ्यानेही घेतला. साखर कमी आहे म्हणाला वर.

आता सदऱ्याचं. आपल्या एका माणसाला कोर्टात फाटक्या बनियनवर उभं केलं होतं. अंगावरचा शर्ट चौकीतच फाटला होता, कसा फाटला ते सांगायला नको. न्यायाधीश त्यालाच डाफरले, की कोर्टाचा मान ठेवायची काही रीत आहे की नाही. मी मागच्या बाकावर होते. तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले आणि मशीनवर बसले. तेव्हापासून आपला माणूस कोर्टात उभा राहील तो धडक्या, इस्त्रीच्या सदऱ्यात. खिसा मात्र ठेवायचा नाही. पहिल्या सदऱ्याचा खिसा झडती घेताना फाटकावरच्याने टरकावला आणि कापडासकट ओढून काढला. त्याला म्हटलं, आता शोध कुठे शोधायचं ते. बटणं मी दुहेरी दोऱ्याने लावते, कारण आत सुई मिळत नाही.

लिहिलं चार ओळीत? नाही ना. तूच काय ते काट.

सोबतच्या गठ्ठ्यात दोन सदरे आहेत, नीट ऐक. एक जुना, कॉलर उलटून लावलेला, दोन माणसांच्या अंगावरून फिरून आलेला. तो तुझ्या प्रदर्शनाला. दुसरा कोरा, राखाडी, फिक्या रेघेचा. तो आपल्या छापखानेवाल्याचा आहे. त्याच्या जामिनाची तारीखही अठरा ऑगस्टच आहे ना? दोन वर्षं होऊन गेली त्या माणसाला आत. चौकीत एक हमाल मेला, तो कसा मेला हे विचारणारं पत्रक त्याने छापलं. लिहिणारा सापडला नाही म्हणून छापणारा धरला. त्याला खोकला लागलाय असं त्याची बायको कळवते. सदरा आठ दिवस आधी आत पोचता कर, नेहमीसारखा.

सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी कार्यक्रम, असंच ना? योग मोठा छान जुळलाय. जामीन झाला तर त्यालाच व्यासपीठावर आणा. मी माझी मधली खुर्ची त्याला देईन.

समितीच्या वकीलबाईंना म्हणावं, घसा जपा. ओव्याचं पाणी घ्या.

तुझी मावशी

२४ जुलै

मावशी,

गठ्ठा मिळाला. उशीर झाला लिहायला, राग मानू नकोस. इथे पत्रिका छापणारे, मंडपवाला आणि पाहुण्यांची हॉटेलं यांच्यात माझं पायपुसणं झालंय.

तुझं सदऱ्याचं टिपण सगळ्यांना फार आवडलं. पाटीवर जागा कमी म्हणून थोडं आटोपशीर केलंय. सोबत प्रदर्शनाच्या तयारीचा फोटो पाठवते. काचेची पेटी मुद्दाम करून घेतली, आतून दिवा आहे. सदरा काय उठून दिसतो बघ! अध्यक्ष दोन मिनिटं समोर उभे राहिले.

गाडी कधी पाठवू ते कळव. वकीलबाई ठीक आहेत. मुख्य भाषण त्यांचंच आहे.

भिंगरी

२९ जुलै

भिंगरे,

फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, मग लेकाच्या भिंगातून पाहिला. म्हटलं आपले डोळे दगा देत असतील. नाही देत.

अगं शहाणे, चुकीचा सदरा घातलास पेटीत! तो राखाडी रेघेचा आहे, कोरा. तो छापखानेवाल्याचा! जुना कुठेय? तो आत पाठवून बसलीस की काय? कॉलर उलटलेला सदरा घालून तो बिचारा जामीन मागणार? कामाच्या रगाड्यात झालं असेल, समजू शकते, पण आजच्या आज बदल.

आणि ती पाटी! 'खिशाविना सदरा : त्याग आणि निरपेक्ष सेवेचे प्रतीक.' हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं? मी ढळढळीत लिहून पाठवलं की फाटकावरच्या पहारेकऱ्याने खिसा फाडला. त्यात त्याग कुठला आला? लेकाला वाचून दाखवलं तर तो चहा सांडेपर्यंत हसला. मला मात्र पुढे पुढे हसू येईना. पंचवीस वर्षांत समितीला इतकं तरी धाडस आलं असेल ना, की खिसा कुणी फाडला ते पाटीवर लिहावं?

अठराच्या जामिनाबद्दल तू दोन्ही पत्रांत अवाक्षर काढलेलं नाहीस. त्याची तयारी कुठवर आली? छापखानेवाल्याच्या बायकोला भेटलीस का? ती धोब्याच्या दुकानात पाळ्या करून दमलेली असते, तिला आदल्या दिवशी आठवण करून दे.

मावशी

४ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तुझ्याशी खोटं बोलता येत नाही आणि खरं लिहायला हात धजत नाही. एकदाचं लिहून टाकते.

सदरा चुकून घातलेला नाही. मी मुद्दामच घातला. तो नवा होता, दिव्यात छान दिसत होता, आणि अठराला त्याची गरज लागणार नव्हती. जुना माझ्या कपाटात आहे, आत कुठलाच पाठवला नाही.

कार्यक्रम संध्याकाळी नाही, सकाळी अकराला आहे. मुख्य पाहुण्यांचं विमान दुपारचं आहे आणि सभागृह दुसऱ्या दिवशी रिकामं नव्हतं. वकीलबाई एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाहीत. म्हणून छापखानेवाल्यासाठी पुढची तारीख मागायची ठरलं. त्यांचा ज्युनिअर अठराला उभा राहून अर्ज देईल. अर्ज मी टाइप केला. कारण 'वैयक्तिक अडचण' असं घातलंय. वकीलबाई आधी नको म्हणत होत्या. अध्यक्षांनी समजावलं.

त्याच्या बायकोला आम्ही सांगितलं, की कोर्टानेच तारीख पुढे नेली.

आता तू ओरडशील, ओरड. पण माझी बाजूही ऐक. विटेवरच्या टेबलावर समिती आता चालत नाही. जागेचं भाडं आहे, चार माणसं पगारावर आहेत, आणि तुरुंगातल्या आपल्या माणसांच्या केसेस हवेवर लढता येत नाहीत. येणारे पाहुणे देणगी देणारे आहेत, हा कार्यक्रम नीट झाला तर पुढची पाच वर्षं निभतील. त्या पाच वर्षांत किती छापखानेवाले सुटतील याचा विचार कर. एकाची एक तारीख पुढे गेली तर आभाळ कोसळणार नाही. दोन वर्षं गेली, आणखी महिनादोन महिने.

तू दूर आहेस. तुला हे कागदावर सोपं दिसतं.

भिंगरी

८ ऑगस्ट

भिंगरी,

'आणखी महिनादोन महिने.' हे तू लिहिलंस. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीने लिहिलं. मी कागद खाली ठेवला, उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन वाचलं. तेच लिहिलं होतं.

बये, हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुरुंगाच्या फाटकावर ऐकलंय, कोर्टाच्या खिडकीवर ऐकलंय, चौकीतल्या साहेबाच्या तोंडून ऐकलंय. खुर्चीत मागे रेलून, दात कोरत म्हणतात ते. महिनादोन महिन्यांनी काय फरक पडतो, आत जेवण मिळतंय ना! त्या वाक्याच्या तोंडात मारायला म्हणून तर समिती काढली. आणि पंचविसाव्या वर्षी ते वाक्य आपल्याच ऑफिसातून टाइप होऊन बाहेर पडतंय!

खोटं कारण लिहिलंत. 'वैयक्तिक अडचण'! तुमच्या अडचणीचं नाव सांगू? दिवा लावलेली काचेची पेटी. सरकार तारखा पुढे ढकलतं तेव्हा आपण रस्त्यावर बोंब मारतो. आता सरकारला काही करावंच लागलं नाही. आपलं काम आपणच केलं, त्यांचा त्रास वाचवला. कोर्टातले कारकून हसतील तुमच्यावर.

आणि त्याच्या बायकोशी खोटं बोललात. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. तिला आजवर सगळ्यांनी फसवलं. चौकीने सांगितलं उद्या सोडू, तुरुंगाने सांगितलं भेटीचा दिवस बदलला. एकटी समिती तिला खरं सांगायची. म्हणून ती कामावरची सुट्टी वाया घालवून आपल्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसायची. तेवढं एक उरलं होतं तिच्याकडे, तेही काढून घेतलंत.

मी दूर आहे म्हणतेस. आहेच. गुडघे धड असते तर आज निघाले असते आणि तुझ्या त्या पेटीसमोर उभी राहून पाटी चावून खाल्ली असती. दूर आहे म्हणून मला सोपं दिसतं? अगं, मला जे दिसतंय ते तुला जवळून दिसेना, याचं नवल कर.

भाड्याचं म्हणतेस. खरं आहे, भाडं द्यावं लागतं. मला अक्कल नाही असं समजू नकोस. मीही दुकान चालवलंय, मीही घरमालकाला चुकवून मागच्या दाराने गेलेय. पण गिऱ्हाइकाचं कापड विकून भाडं नाही दिलं कधी.

अजून दहा दिवस आहेत. तो अर्ज अजून कोर्टात गेलेला नाही. वकीलबाईंना अठराला कोर्टात जाऊ दे. भाषण दुसरं कुणीही करेल. भाषण करणाऱ्यांचा तुटवडा पडलेला मी जन्मात पाहिला नाही.

नाही जमलं तर माझी खुर्ची रिकामी राहील. माझी एकटीचीच नाही. आज मी काकांना, डॉक्टरांना, जाडूला आणि बाकी सगळ्यांना पत्रं टाकतेय. काय घडलंय ते लिहितेय, तुझ्यावर तिखटमीठ न लावता. ज्याला जिथे बसायचं तिथे त्याने बसावं.

निमंत्रणपत्रिका परत पाठवते. कागद छान आहे. पाठकोरा वापर.

मावशी

११ ऑगस्ट

मावशी,

तुझी पत्रं पोचली. काकांनी ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर पत्रिका ठेवली आणि एक शब्द न बोलता गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "तुमच्या मावशी भावनाप्रधान आहेत. पत्रिका वाटून झाल्यात." वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी काय करू ते तू लिहिलं नाहीस. फक्त मी काय केलं तेवढंच लिहिलंस. पंचवीस वर्षांचा कार्यक्रम तू मोडायला निघालीस, आणि मोडला तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल, अध्यक्षांच्या नाही. हे तुला कळायला हवं होतं.

भिंगरी

१९ ऑगस्ट

मावशी,

घडलं तसं लिहिते.

काल अकराला सभागृह भरलं. पुढच्या दोन ओळी रिकाम्या. तुमची नावं चिकटवलेल्या खुर्च्या, आणि वर कुणी नाही. अध्यक्षांनी डोळ्यांनी खुणावलं, तशी मी कॉलेजची मुलं पुढे बसवली. त्यांनी बसताना नावांचे कागद काढून घडी करून खाली टाकले.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. मग म्हणाले, "तुरुंगातला एक दिवस म्हणजे काय, ते आम्हाला विचारा!" टाळ्या पडल्या. आणि वकीलबाई व्यासपीठावरून उठल्या. मला वाटलं पाणी हवंय. त्या पायऱ्या उतरून सरळ मधल्या वाटेने दाराकडे चालायला लागल्या. लोक वळून बघत होते. माझ्याजवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चल. मी नको म्हटलं होतं, पण नको म्हणून बसून राहिले."

बाहेर पेटीला कुलूप होतं, किल्ली अध्यक्षांकडे. मी मागची पट्टी उचकटली आणि सदरा काढला. टाचण्या रिक्षात काढल्या. एक बोटात गेली.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

काका, डॉक्टर, जाडू, सगळे सकाळी दहापासून तिथे होते. बाक पुरले नाहीत, जाडू भिंतीला टेकून उभा होता. छापखानेवाल्याच्या बायकोला काकांनी स्वतः बरोबर आणलं होतं आणि खरं काय ते सांगितलं होतं. पुकारा झाला. ज्युनिअरने अर्ज पुढे केला. न्यायाधीशांनी भरलेले बाक बघून विचारलं, ही एवढी माणसं कशासाठी? काका उठले. म्हणाले, "यांच्या सुटकेसाठी आलोय साहेब. पण यांचे वकील समारंभात आहेत." न्यायाधीश म्हणाले, "मग समारंभ होऊ द्या." आणि ऑक्टोबरची तारीख दिली. मागे कुणीतरी कारकून हसला. तू लिहिलं होतंस तसाच.

वकीलबाई पुन्हा आत गेल्या, विनवलं. पुढच्या केसेस सुरू झाल्या होत्या. त्यांना बाहेर येताना पाहिलं आणि मी खाली बघितलं.

बाहेरच्या गल्लीत त्याची बायको उभी होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "ताई, ऑक्टोबरात तुमचा दुसरा काही कार्यक्रम नाही ना?"

टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच विचारत होती.

मागच्या आवारात तुरुंगाची गाडी उभी होती. छापखानेवाल्याला कोर्टात उतरवलंच नव्हतं, तो जाळीआड बसला होता. अंगातल्या शर्टाची कॉलर लोंबत होती, गळ्याशी बटणाच्या जागी दोरा बांधलेला. फार वाळलाय मावशी. मी सदरा शिपायाकडे दिला. त्याने सवयीने छातीवर चाचपलं, खिसा सापडला नाही, आणि आत सरकवला. छापखानेवाल्याने सदरा मांडीवर घेतला, रेघेवरून हात फिरवला. तोच जाळीजवळ आला आणि आवाज चढवून विचारलं, "ताई, कार्यक्रम कसा झाला? पंचवीस वर्षं म्हणजे गंमत नाही! आम्ही सगळ्यांनी इथे गाडीत अकराच्या ठोक्याला टाळ्या वाजवल्या. मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि गाडी निघाली.

भिंगरी

२४ ऑगस्ट

भिंगरे,

पत्र वाचून झाल्यावर मी मशीनवर बसले, पण दोरा ओवता येईना. म्हातारपणाने नव्हे, रागाने. राग अजून गेलेला नाही, अक्षर बघ.

तू रडलीस की नाही ते लिहिलं नाहीस, बरं केलंस. मी विचारणार नाही. मी तुला माफही करणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. आत बसून टाळ्या वाजवणारा तो आहे, त्याच्या हातात आहे. आणि त्याला अजून माहीतच नाही कुणाला माफ करायचं ते.

मी तुला काय कर ते लिहिलं नाही म्हणालीस. ती तक्रार खरी आहे. आता लिहिते.

उद्या त्याच्या बायकोकडे जा. धोब्याच्या दुकानात नको, घरी जा. काकांनी सांगितलंय हे खरं, पण तुझ्या तोंडून तिने ऐकलेलं नाही. अर्ज मी टाइप केला, हे तू सांग. दारातच उभी राहून सांग, आत ये म्हणायची वाट बघू नकोस. ती जे बोलेल ते ऐक आणि त्यावर समितीची बाजू मांडू नकोस. पुढच्या भेटीला तिच्याबरोबर तुरुंगात जा आणि जाळीपलीकडच्यालाही सांग. त्याला वाटायला नको की तो आपल्या उत्सवात टाळ्या वाजवत होता. त्याला कळू दे तो कशासाठी टाळ्या वाजवत होता.

अध्यक्षांना माझं पत्र वेगळं जातंय. ते वाचून त्यांना मी भावनाप्रधान वाटणार नाही.

वकीलबाईंना सांग, उठलात हे मी ऐकलं. एक तास आधी उठायला हवं होतं हेही सांग. दोन्ही सांग, एक गाळू नकोस.

ऑक्टोबरच्या तारखेला मी येतेय. गुडघ्यांना विचारलेलं नाही, त्यांना सांगून टाकलंय. गाडी पाठवू नकोस, सत्काराची गाडी मला नको. लेक सोडेल. माझी जागा मागच्या बाकावर ठेव, काकांशेजारी. सत्कार ज्यांचा व्हायचा होता ते सगळे त्या दिवशी बाकांवर बसलेले होते, आणि तो त्यांनी आपला आपण करून घेतला. समितीची पंचवीस वर्षं कुठे झाली विचारलं कुणी, तर मी सांगेन, कोर्टात झाली, जाडू भिंतीला टेकला होता तिथे.

तो वाळलाय म्हणतेस. म्हणजे राखाडी सदरा खांद्यावरून लोंबेल. बायकोला विचारून अंदाज नको, त्यालाच जाळीतून विचार, सदरा कुठे ढिला होतो. मला कळव. दुसरा शिवते, हा घरी घालेल.

राहिली ती पेटी. मोडून टाकू नकोस. दिवाही राहू दे. त्यागाची ती पाटी काढ आणि आत तुझ्या त्या तारखेच्या अर्जाची प्रत ठेव, 'वैयक्तिक अडचण' वर येईल असा. ऑफिसात शिरल्या शिरल्या दिसेल अशा ठिकाणी ठेव. पुढे कुणाला समितीचा मोठा दिवस साजरा करायची हौस आली, तर त्याने आधी तिथे उभं राहावं.

आणि काच रोज पूस. स्वतः. वाचता आलं पाहिजे.

तुझी मावशी